सव्वासहा मुलं

रविवारी सकाळी बरोबर दहाला आबा गुडघ्यांवर आले. हे काही घडीभरात उरकणारं काम नव्हतं. आधी डावा हात सोफ्याच्या कडेला, मग उजवा गुडघा, मग "कुणी हात लावू नका, मला जमतंय," मग डावा गुडघा, आणि शेवटी खालच्या वर्कशॉपपर्यंत ऐकू जाईल असा सुस्कारा. गळ्यात ठिपकीचं पिवळं लाळेरं होतं. त्याच्या नाड्या आबांच्या मानेला पुरेनात म्हणून सुतळी जोडली होती.

"झालो दोन वर्षांचा," आबा म्हणाले. "आता पुढे?"

"आबा, दोन वर्षांची मुलं चालतात," धाकटी सून म्हणाली. "रांगायची गरज नव्हती."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

आबांना पुन्हा उभं करायला थोरला आणि धाकटा, असे दोन्ही मुलगे दोन बाजूंनी लागले. ज्या पोरीसाठी हा सगळा घाट घातला होता ती ठिपकी सतरंजीवर बसून, अंगठा तोंडात घालून हे बघत होती. तिचं मत काय होतं कुणास ठाऊक. तिने अजून कशाबद्दलच आपलं मत सांगितलं नव्हतं, आणि भानगड नेमकी तीच होती.

ठिपकी अडीच वर्षांची. कान ठणठणीत, जीभ मोकळी, डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलेलं. पण तोंडातून शब्द म्हणून एक बाहेर पडेल तर शपथ. आई नाही, बाबा नाही, साधं 'नको'सुद्धा नाही. धाकटी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर परक्यांच्या तोंडांत काय बसेल त्याचा विचार करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या पोरीच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहायचं, हे तिला आता सोसवेनासं झालं होतं.

शुक्रवारी ती ठिपकीला पाळणाघर दाखवायला घेऊन गेली. सोबत सासूबाई होत्याच, कारण माईंना टाळून त्या घरातून ठिपकी बाहेर नेणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. पाळणाघरच्या बाईंनी अर्धा तास कोपऱ्यात बसून नुसतं पाहिलं आणि मग विचारलं, "या आजी कोण?"

"माझ्या सासूबाई."

"यांनी अर्ध्या तासात हिला अकरा गोष्टी दिल्या. मी मोजल्या. हिने एकही मागितलेली नाही."

"तिला हवं असतं ते मला कळतं," माई अभिमानाने म्हणाल्या.

"तेच म्हणतेय मी. तुमच्या घरातली माणसं फार समजूतदार आहेत. हिला थोडे दिवस बेसमजूत मुलांत बसवा. दोन वर्षांच्या दुसऱ्या पोराला हिच्या भुवया वाचता येणार नाहीत. ते हिच्या हातातलं ओढून घेईल, हिच्याकडे पाठ फिरवून बसेल. मग बघा बोलते की नाही. एक जागा आहे, ती सोमवारपर्यंत धरून ठेवते."

शनिवारी संध्याकाळी यावर घरात खडाजंगी झाली. "म्हणजे मी तिला बोलू देत नाही?" असं माईंनी विचारलं आणि कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा त्या समजायचं ते समजल्या. थोरला आईच्या बाजूने उभा राहिला. थोरली त्याची बायको म्हणून त्याच्या बाजूने. आत्या, म्हणजे दोन भावांमधली बहीण, धाकटीच्या बाजूने. ठिपकी झाल्यापासून तिला सगळेच आत्या म्हणत, स्वतः आबासुद्धा. धाकटा आपला दोन्हीकडे मान डोलवत राहिला. शेवटी आबांनी टेबलावर थाप मारली.

"चाचणी घ्या," ते म्हणाले.

आबांची उभी हयात लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलेली. वजन घालून तपासल्याशिवाय कुठलीच गोष्ट सुरू करायची नाही, हा वर्कशॉपचा नियम त्यांनी केव्हाच घरालाही लावला होता. धाकट्याच्या लग्नाआधी त्यांनी त्याला आणि धाकटीला वर्कशॉपमधल्या जुन्या लिफ्टमध्ये तीन तास बंद केलं होतं, आणि जादा भार म्हणून सोबत आत्याला. तिघं हसत बाहेर आली, तेव्हा कुठे होकार मिळाला. या घरात चाचणीत पास झालेल्या गोष्टीला पुन्हा कुणी आडवं गेल्याचं आठवत नव्हतं. धाकटीने मान्य केलं ते याच कारणासाठी.

"पाळणाघरात एका ताईमागे पोरं किती?" आबांनी विचारलं होतं.

"पाच."

"म्हणजे आपल्याला सव्वासहा लागतील."

"सव्वासहा कशाला, आबा?"

"पाच माणसांची लिफ्ट पाच माणसं घालून कोण तपासतं? सव्वापट घालायची. सव्वापटाला धरली तर पाचाला धरतेच."

आबा, माई, थोरला, थोरली, आत्या, झाले पाच. ठिपकी धरून सहा. पाव मूल कुठून आणायचं यावर अर्धा तास गेला. ठिपकी बारा किलोची, म्हणून धाकट्याने खालून तीन किलोचं लोखंडी वजन आणून मांडलं. थोरलीला ते उघडंबोडकं बरं दिसेना. तिने त्याला ठिपकीची जुनी लोकरी टोपी चढवली आणि सतरंजीच्या टोकाला बसवलं.

"हे रडणार नाही," थोरला म्हणाला.

"पाव मूल असं किती रडणार?" आबा म्हणाले.

ठरलं ते असं. एक तास सगळ्यांनी दोन वर्षांचं व्हायचं. ठिपकीच्या खुणा कुणीही ओळखायच्या नाहीत. धाकटी ताई होणार, धाकटा लिफ्टच्या चाचणीचा फॉर्म भरणार. तासाभरात पोरीत काही फरक दिसला तर उद्यापासून पाळणाघर. नाही दिसला तर वर्षभर तो विषय काढायचा नाही.

"वर्षभर," माईंनी पुन्हा एकदा बजावलं.

"दहा वाजून सात मिनिटं," धाकटा फॉर्मवर लिहीत म्हणाला. "सुरू."

*

पहिली दहा मिनिटं माईंनी कशी काढली ते त्यांचं त्यांना माहीत.

ठिपकीने डाव्या पायाचा अंगठा उजव्या घोट्यावर घासला की तिला पाणी हवं असतं. कानाची पाळी ओढली की झोप. एक भुवई वर गेली की खिडकी, दोन्ही गेल्या की खिडकी उघडून. अशा चाळीसेक खुणा माईंना पाठ होत्या. कुणी शिकवल्या नव्हत्या, रात्रंदिवस पोरीकडे बघून बघून त्या शिकल्या होत्या. आणि आता ती दातांची कारागीर सांगते, की माई, तुम्हाला काही कळत नाही असं समजा. आपल्याला कळतं हा गुन्हा कधीपासून झाला?

तिन्ही मुलं त्यांनी अशीच वाढवली होती. थोरला साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. काय बिघडलं त्याचं? आता अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि जेवणात मीठ कमी असलं तर तोंडाने मागायचा नाही, ताटाकडे नुसता बघत बसायचा, हे खरं. पण मीठ मिळायचंच ना त्याला?

ठिपकीने डाव्या पायाचा अंगठा उजव्या घोट्यावर घासला.

माईंचे हात आपोआप उठले. "ताई बघतेय," आत्या शेजारून पुटपुटली. माईंनी हात खाली घेतले. ठिपकीने अंगठा आणखी जोरात घासला आणि माईंकडे पाहिलं. माईंनी छताकडे पाहिलं. पंख्यावर धूळ बसली होती. ठिपकीने थोरलीकडे, थोरल्याकडे, आबांकडे पाहिलं. सगळं घर छताकडे बघत होतं.

मग माईंना युक्ती सुचली.

"मला पाणी हवं," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"शाब्बास, छान मागितलंस," धाकटी म्हणाली आणि पेला भरून आणला. माईंनी पेला घेतला आणि तसाच ठिपकीकडे सरकवायला लागल्या.

"नाही. तू मागितलंस, तू प्यायचं."

"तू? मला अगं-तुगं करतेस?"

"दोन वर्षांच्या मुलीला अहो-जाहो कोण करतं, माई?"

"नियमात बसतंय," फॉर्ममधून डोकं वर न काढता धाकटा म्हणाला. माईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने लिहिलेलं लगेच खोडलं आणि मग घाबरत पुन्हा लिहिलं.

माई अख्खा पेला प्यायल्या. तहान मुळीच नव्हती. ठिपकी त्यांच्या गळ्यातून खाली जाणारा एकेक घोट बघत होती. माईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदराला पुसलं.

*

थोरली सतरंजीच्या कडेला एक निळा चेंडू मांडीत घेऊन बसली होती. तिचं काम वर्कशॉपच्या फोनवर. अठरा वर्षं ती लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना एकच वाक्य सांगत आली होती, "घाबरू नका, माणूस निघालाय." तसं बघितलं तर घरातही हेच सांगत आली होती. नवऱ्याच्या मताला हो, सासूच्या मताला हो, आबांच्या चाचण्यांना हो. काल पाळणाघराच्या विरोधात हात वर केला तोही थोरल्याचा हात वर गेलेला दिसला म्हणून.

"अगं, तो चेंडू दे इकडे," माई म्हणाल्या. पाण्यामुळे त्यांचं डोकं आधीच तापलं होतं.

थोरलीने सवयीने चेंडू उचलला. मग तिला एकदम आठवलं की आपण दोन वर्षांच्या आहोत.

"नाही," ती म्हणाली.

खोलीत सगळ्यांनी वळून पाहिलं. थोरलीने स्वतःही वळून स्वतःकडे पाहिलं असतं, पण तिला तसं करता येत नव्हतं. इतका सोपा शब्द! अठरा वर्षांत हा आपल्याला का सुचला नाही?

"काय म्हणालीस?" माई.

"नाही. माझा आहे."

"अगं, तुला काय करायचाय चेंडू?"

"काही नाही. पण माझा आहे."

"हे बरं नाही हं," थोरला बायकोला दबक्या आवाजात म्हणाला. "माईला दे तो."

"तूही दोन वर्षांचा आहेस," थोरली म्हणाली. "तू तुझं बघ."

आत्याने टाळ्या वाजवल्या. थोरलीने चेंडू पोटाशी घट्ट धरला. पाळणाघरात रोज हे करायला मिळत असेल तर पोरीला धाडायलाच हवं, असं तिला पहिल्यांदाच मनापासून वाटलं. दर सोमवारी आपल्यालाही घेतील का, हे विचारावं की काय, हाही विचार मनात येऊन गेला.

"वहिनी," धाकटी तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "तुम्ही आता कुणाच्या बाजूला?"

"ताईंच्या," थोरली म्हणाली. "पण चेंडू मिळणार नाही."

*

तिथून पुढे चाचणी हाताबाहेर गेली.

साडेदहाला धाकटीने लाल बादली मध्ये ठेवली. पाळणाघरात असाच एक खेळ होता. बादलीत ठोकळे टाकायचे, काढायचे, पुन्हा टाकायचे. आबांनी बादली ओढली. थोरल्याने दुसऱ्या बाजूने ओढली.

"आळीपाळीने," धाकटी म्हणाली. "आधी आबा... आधी हा, मग तो."

"आधी मी," थोरला म्हणाला. "कायम आधी तेच! बादली कधीपासून त्यांच्याकडेच आहे!"

"बादली परवा आणलीय," धाकटा म्हणाला.

"बादलीचं कोण बोलतंय?" थोरला ओरडला आणि मग त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो. वर्कशॉप त्याच्या हाती द्यायचं आबा दहा वर्षं उद्यावर ढकलत होते आणि त्याने तोंडाने एकदाही मागितलं नव्हतं. नुसता जिन्याच्या तोंडाशी उभा राहून वर्कशॉपकडे बघत असायचा.

"माझं आहे ते मी देणार नाही," आबा म्हणाले. ते वयात आले होते, म्हणजे दोन वर्षांच्या. चेहरा लालबुंद, लाळेरं तिरकं, दोन्ही हात बादलीच्या कडीला. "माझी! माझी! माझी!"

"तुम्ही कधी दिलंय काही कुणाला?"

"तू कधी मागितलंस?"

"मागायला लागतं?"

"मग! मला काय स्वप्न पडणार?"

बादली कुणी सोडली नाही. तेवढ्यात आत्या शांतपणे पुढे झाली, थोरल्याचा दंड धरला आणि चावली. नाटकी नव्हे, चांगली कडकडून चावली.

"आई गं! चावली! ही खरंच चावली!"

"दोन वर्षांची मुलं चावतात," आत्या तोंड पुसत म्हणाली. ती शहरात बस चालवायची आणि कुठल्याही गोंधळात तिचा आवाज चढत नसे. "मी विचारून आलेय पाळणाघरात. आठवड्याला तीन तरी केसेस होतात म्हणाल्या."

"पण मलाच का?"

"आबा तुला बोट धरून वर्कशॉपमध्ये न्यायचे आणि मला घरी ठेवायचे. मला स्क्रू मोजायचे होते. कुणी विचारलंच नाही."

"चाळीस वर्षांपूर्वीचं आता काढतेस?"

"तेव्हा मला बोलता येत नव्हतं," आत्या म्हणाली.

माई ओरडू लागल्या की भांडू नका. कुणी ऐकेना. माईंचं कुणी ऐकत नाही असं त्या घरात कधी झालं नव्हतं. त्यांनी आधी आवाज चढवला, मग ठोकळा आपटला, आणि मग त्या चक्क रडायला लागल्या, खऱ्याखुऱ्या, हुंदके देऊन. धाकटी त्यांच्याकडे धावली तर मागून आबांनी बादली स्वतःच्याच डोक्यावर घातली. बादली काढायला गेली तर थोरला दंड दाखवत आला, "आधी माझं बघ, रक्त आलंय." रक्त काही आलं नव्हतं. धाकटा फॉर्मवर लिहीत होता, "हादरे: आहेत. आवाज: मर्यादेबाहेर. दार: कुणाला उघडता येत नाही, कारण चेंडू पोटाशी धरून वहिनी दाराला टेकून बसली आहे."

तेवढ्यात वर्कशॉपचा फोन वाजला. रविवारी तो वरच्या खोलीत जोडलेला असे. थोरलीने चेंडू न सोडता उचलला.

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबताना कचकन हादरत होती, एवढंच सांगायचं होतं. घाई नव्हती.

"माझी आहे!" मागून आबा.

"चावली! पुन्हा येतेय ती! धरा तिला!" थोरला.

मग गृहस्थांनी काळजीने विचारलं, "बाई, तुमच्याकडे कुणी अडकलंय का?"

"हो," थोरली म्हणाली. "आम्ही सगळेच. पण घाबरू नका. तुमच्याकडे उद्या माणूस येईल."

*

धाकटीने बिस्किटं काढली. आता तोच एक उपाय उरला होता. आबांना एक, माईंना एक, थोरल्याला, थोरलीला, आत्याला आणि ठिपकीला. बिस्किटं हाती आल्यावर खोली हळूहळू शांत झाली. पाचही मोठी माणसं सतरंजीवर पाय पसरून खाऊ लागली. आबा मधूनमधून अजून उसासे टाकत होते.

तासाला बारा मिनिटं उरली होती. धाकटी भिंतीला पाठ टेकून खाली बसली. तिचे केस विस्कटले होते, एका चपलेत ठोकळा अडकला होता आणि घसा बसला होता. पाचाला एक ताई पुरत असेल, पण या पाचांना नाही. आणि ठिपकी? तासभर पोरीने काय केलं, ते आपण पाहिलंसुद्धा नाही, हे तिच्या ध्यानात आलं तसं तिचं रडू फुटायच्या बेतात आलं. सगळा वेळ म्हाताऱ्या पोरांची भांडणं सोडवण्यात गेला होता. वर्ष गेलं. आता वर्षभर तोंड उघडायचं नाही, आपणही आणि तिनेही.

"डोकी मोज," आत्या तिला म्हणाली. "मी बस सोडण्याआधी मोजते."

धाकटीने मोजली. आबा, माई, थोरला, थोरली, आत्या.

"ठिपकी कुठेय?"

सगळ्यांचं खाणं थांबलं. आणि खोली अशी गप्प झाल्यामुळेच सोफ्यामागचा आवाज ऐकू आला. बारीक, अखंड, कुणीतरी कुणाला तरी लांबलचक काही समजावतंय असा. त्यात शब्द नव्हता, पण चढउतार सगळे होते. मध्येच प्रश्न, मध्येच तक्रार.

धाकटी गुडघ्यांवर सरकत सोफ्याच्या टोकाशी गेली. मागोमाग पाचही जण. धाकटाही फॉर्म घेऊन.

सोफ्यामागे ठिपकी पाय पसरून बसली होती. समोर लोकरी टोपी घातलेलं पाव मूल. तीन किलोचं ते लोखंड तिने सतरंजीच्या टोकापासून एवढं लांब कसं ओढून नेलं, देव जाणे. सगळ्यांना बिस्किट मिळालं होतं आणि त्याला मिळालं नव्हतं. ते धाकटीकडूनही राहिलं होतं. ठिपकीने आपलं बिस्किट मोडून त्याचा एक तुकडा वजनासमोर धरला होता.

वजनाने तो घेतला नाही.

ठिपकीने दोन्ही भुवया वर केल्या. वजन बसून राहिलं. तिने अंगठा घोट्यावर घासला, कान ओढला, मान तिरकी केली, होत्या नव्हत्या त्या सगळ्या खुणा करून पाहिल्या. एवढं सगळं करूनही ज्याला काही कळत नाही असं कुणी तिला जन्मात पहिल्यांदाच भेटलं होतं. तिचा चेहरा वैतागाने आक्रसला. तिने तुकडा टोपीला टेकवला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली,

"घे!"

धाकट्याच्या हातातलं पेन खाली पडलं.

वजनाने घेतलं नाही.

"घे ना!" ठिपकी ओरडली. "घे, घे, घे!"

धाकटीने तोंडावर हात दाबला तरी हुंदका बाहेर आलाच. अडीच वर्षं ती या एका शब्दाची वाट बघत होती. कुठलाही चालला असता. तो आला तो एका लोखंडाच्या तुकड्यासाठी, आणि तिला त्याचा आनंद इतका झाला की हेवा वाटायला जागाच उरली नाही.

"कुणाला म्हणाली?" आबांनी हळूच विचारलं. त्यांना गर्दीत दिसत नव्हतं.

"पाव मुलाला," आत्या म्हणाली.

"मग झालं तर!" थोरल्याचा चेहरा खुलला. "मग पाठवायचं कशाला? खाली शंभर वजनं पडली आहेत. रोज चार आणून मांडू. टोप्या काय, शिवून घेऊ."

"अरे, तिला उत्तर कोण देणार? ते?" थोरली नवऱ्याला म्हणाली. "ते कधी म्हणणार आहे का तिला, नको म्हणून? घे, माझंही घे म्हणून?"

थोरला आईकडे वळला. इतकी वर्षं वादात हरायची वेळ आली की तो आईकडे वळत आला होता. "माई, तू सांग."

माईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ठिपकीने मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं होतं, आणि बिस्किटाचा तो तुकडा आता माईंच्या दिशेने लांब केला होता. तोंड मिटलेलं. भुवया वर. घरातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं की पोरीला काय हवंय. माईंचा उजवा हात उठला, अर्ध्यावर गेला. सासूला नको म्हणायचं धैर्य धाकटीलाही झालं नाही.

माईंनी हात मागे घेतला. मग दुसराही. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसल्या.

"काय गं?" माई म्हणाल्या. "काय हवंय तुला? मला नाही कळत."

ठिपकी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ते खरं वाटेना. माईही तिच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"घे," ठिपकी म्हणाली.

माईंनी वाकून तोंडानेच तुकडा घेतला. हात मांडीखालून काढले नाहीत. त्यांचा स्वतःवर तेवढा भरवसा नव्हता.

"अकरा वाजून दोन मिनिटं," धाकटा म्हणाला. "आबा, फॉर्मवर काय लिहू?"

आबांनी लाळेरं सोडायचा प्रयत्न केला. सुतळीची गाठ सुटेना. "मला विचारू नकोस," ते थोरल्याकडे न बघता म्हणाले. "यापुढे सही तुझा दादा करेल. वर्कशॉपची पण."

थोरल्याने फॉर्म ओढून घेतला आणि सही केली. नंतर तो बराच वेळ आपला दंड चोळत बसला.

धाकटी माईंच्या शेजारी येऊन बसली. सॉरी म्हणायचं तर कशाबद्दल, आणि आभार मानायचे तर माईंना ते मुळीच खपलं नसतं.

"किती वाजता सोडायचं उद्या तिला?" माईंनीच विचारलं.

"नऊला. माई, तुम्ही येता का सोडायला? पहिला दिवस आहे. तुम्ही असलात तर ती रडणार नाही."

"नाही," माई म्हणाल्या. "तूच जा. मी आले तर तिला काय हवंय ते मला कळेल."